सोलापूरच्या हवेत अळिंबी: संशोधन आधी कशावर व्हायला हवं?

माळरान

नमस्कार मंडळी.

मोहोळ तालुक्यात माझी अळिंबीची, म्हणजे मशरूमची, शेड आहे. दिवाळीनंतर धिंगरी (ऑयस्टर), शिमगा झाला की दुधी (मिल्की), अशा अळिंबीच्या दोन जाती घेतो. बटन करत नाही. बटनला फळं धरताना १४ ते १८ अंश लागतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एवढा फरक विजेवर भरून काढायचा, वर बँकेचा हप्ता फेडायचा, हे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही.

धागा काढायचं कारण असं, की आम्ही काही उत्पादक मिळून कृषी विद्यापीठाला आणि जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांना लेखी मागणी देणार आहोत. मागणी एकच: अळिंबीवर सोलापुरात संशोधन करा. आजवर आपल्याला प्रशिक्षण मिळालं. ते चांगलंच असतं, माझी सुरुवातही तिथूनच झाली. पण प्रशिक्षणात सांगतात ते आधी कुणीतरी, कुठेतरी तपासलेलं असतं, आणि त्या जागेची हवा आपल्यासारखी नसते.

देशातली अळिंबी संशोधनाची मुख्य संस्था हिमाचलात सोलनला आहे, १९८३ पासून. तिथे थंडी आहे, तिथलं बरंचसं काम बटनवर झालं, आणि देशात बटनच जास्त पिकते म्हटल्यावर ते साहजिकच आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे. तेवढंच आपल्याला जवळचं, पण पुण्याचा मे आणि आपला मे एक नव्हे. याच सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, रब्बी ज्वारीवर आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र आहे. म्हणजे इथल्या मातीवर, इथल्या पावसावर डोकं लावणारी माणसं इथेच आहेत. अळिंबीकडे त्यांचं लक्ष वळवायचं आहे.

मला तुमच्याकडून हे हवं आहे: एक शास्त्रज्ञ आणि तीन वर्षं एवढंच मिळणार असेल, तर पहिलं काम कोणतं मागायचं? माझ्या मते उन्हाळा. मार्च ते जून शेड भरवशानं चालली तरच हा धंदा बारमाही होतो, नाहीतर हिवाळ्यातला जोडधंदा म्हणूनच राहतो.

सूक्ष्मजीवी

धागा फार गरजेचा होता, धन्यवाद. पण पहिल्या क्रमांकावर मी उन्हाळा ठेवणार नाही, स्पॉन म्हणजे अळिंबीचं बियाणं ठेवीन.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आधी दुसऱ्याच्या स्पॉन लॅबमध्ये काम केलं, आता शहरात स्वतःची छोटी लॅब चालवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी किंवा गहू अर्धवट शिजवायचा, दाणा फुटू द्यायचा नाही, निथळून त्याला कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम चोळायचं, पिशवीत भरून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करायचं, मग त्यावर शुद्ध बुरशी सोडायची. हे कुणालाही जमतं. अवघड आहे ती मूळ बुरशी, म्हणजे मदर कल्चर. एका नळीतून दुसऱ्या नळीत, दुसरीतून तिसरीत असं करत राहिलं की तिचा जोम हळूहळू कमी होतो. पिशवी पांढरी दिसते, पण फळं थोडी येतात, उशिरा येतात. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, ऊन लागलं.

त्यात नावांचा गोंधळ आहे. 'फ्लोरिडा' म्हणून विकली जाणारी धिंगरी एका लॅबची पिकायला वेगळी, दुसरीची वेगळी. ज्वारीच्या बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव, लॉट, मुदत सगळं असतं. स्पॉनच्या पिशवीवर बहुतेक वेळा तारीखसुद्धा नसते. माझ्याकडे एकजण बाहेरून मागवलेला स्पॉन दाखवायला घेऊन आला होता. पिशवी उलटी करून हलवली तर दाणे सुटे होऊन खळखळले. ताज्या स्पॉनचा एकसंध गोळा असतो, दाबला की मोडतो. हा उन्हात एसटीच्या पार्सलमध्ये शिजून आला होता.

माळरान, तुमच्या शेडमध्ये उन्हाळी प्रयोग लावला आणि पिशवीत वाण कोणता आहे हेच ठरलेलं नसलं, तर निकालाला अर्थ काय? म्हणून आधी वाणांची ओळख पक्की करा, त्यांची इथल्या तापमानाला तुलना करा, आणि इथून गावापर्यंत स्पॉन कोणत्या तापमानात, किती दिवस टिकतो ते मोजा. सगळं फ्रिजमध्ये ठेवून भागत नाही. भाताच्या पेंढ्यावरची व्होल्वारिएला अळिंबी फ्रिजच्या थंडीनेच मरते.

कडबाकुट्टी

मंगळवेढ्याहून. वरचं दोन्ही वाचलं. तुम्ही दोघंही काडाचं, म्हणजे पिशवीत ज्यावर अळिंबी वाढते त्याचं, काहीच बोलला नाहीत.

धिंगरीला काय घालता? बहुतेक जण ज्वारीच्या कडब्याची कुट्टी नाहीतर गव्हाचं काड. कडबा म्हणजे आमच्या गुरांचं तोंड. आमच्याकडे मालदांडी करतात ती निम्मी दाण्यासाठी आणि निम्मी कडब्यासाठी. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या लागल्या होत्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही. अशा जिल्ह्यात चाऱ्यावर उभा राहणारा धंदा वाढवायचा म्हणता, तर पाऊस कमी झाला की कडब्याचा शेकड्याचा भाव आणि तुमचा खर्च एकदमच वर जाणार. तेव्हा गावातली माणसं तुमच्याकडे कशी बघतील तेही ध्यानात घ्या.

माझा विरोध नाही. माझ्या पुतण्याची शेड आहे, मीच त्याला कुट्टी करून देतो. पण माझं म्हणणं, पहिलं संशोधन काडावर. गुरं खात नाहीत अशा कोणत्या काडावर अळिंबी येते ते शोधा. आणि अळिंबी काढून झाल्यावर जे काड उरतं ते गुरांना चालतं का, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला द्या. चालत असेल तर सगळा हिशोबच बदलतो, कडबा दोनदा वापरला जाईल.

भुसकट_बार्शी

कडबाकुट्टी दादांना शंभर टक्के अनुमोदन.

आमच्या बार्शी भागात सोयाबीन आणि तूर भरपूर. दोन्हीवर धिंगरी घेतली आहे, अनुभव लिहितो. सोयाबीनचं भुसकट फुकटात मिळतं, पण भिजवलं की चिकट होतं, पिशवीच्या मध्यभागी हवा राहत नाही आणि आतून वास मारायला लागतो. गव्हाचं काड निम्मं मिसळलं तर सुटं राहतं. तुराट्या कठीण, श्रेडरमधून काढाव्या लागतात; पाणी धरायला वेळ लागतो, पण एकदा बुरशी शिरली की पिशवी टिकते, फळंही उशिरापर्यंत येत राहतात. उसाच्या पाचटावर मेणासारखा थर असतो, पाणी वरून ओघळून जातं. बारीक करून जास्त वेळ भिजवलं तरच काही होतं.

हे सगळं माझ्या पडवीतलं. कुणी विचारलं की तुराटीवर किती टक्के निघालं, तर मला खात्रीनं सांगता येत नाही, कारण दर वेळी स्पॉन वेगळा, हवा वेगळी. आणि टक्के काढताना बरेच जण भिजलेलं काड धरतात. हिशोब कोरड्या काडाचा असतो. १०० किलो कोरड्या काडातून ६० किलो ताजी अळिंबी निघाली तर ६० टक्के. समोरचा कोणत्या वजनावर बोलतोय ते कळल्याशिवाय त्याचा आकडा खरा मानू नका.

उंबरठा

नमस्कार. उत्तर सोलापूर तालुक्यातून लिहितेय. आमचा बायकांचा बचत गट आहे, घराच्या मागच्या खोलीत धिंगरी करतो. मोठमोठ्या शेडवाल्यांच्या चर्चेत आमचंही एक घाला.

खोकला. हंगाम रंगात आला की सकाळी खोलीत गेलं की घसा खवखवतो, रात्री खोकून खोकून झोप लागत नाही. एकीला ताप यायला लागला, खोली बंद केली की कमी, परत सुरू केली की परत. डॉक्टरांनी धूळ म्हणून सांगितलं. टॉर्च मारला की हवेत पांढरी भुकटी तरंगताना दिसते, ती अळिंबीचीच. घरात लहान लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात.

दुसरं, फॉर्मलीन. काड निर्जंतुक करायला ते बाविस्टीन (बुरशीनाशक) आणि फॉर्मलीनच्या पाण्यात भिजवायला सांगतात. १०० लिटर पाण्याला साडेसात ग्रॅम आणि सव्वाशे मिली, रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी झाकण काढलं की डोळ्यांतून पाणी. हात घालून काड काढणाऱ्या आम्हीच, मापटं कुठलं, मोजायचा चमचा कुठला. लई जपून करतो, पण जपायचं तरी किती? वरून लोक विचारतात, ताई सेंद्रिय आहे का ओ. काय सांगायचं त्यांना?

मला विचाराल तर पहिलं संशोधन हे. माणूस आजारी न पडता अळिंबी कशी काढायची.

सूक्ष्मजीवी

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. धिंगरीच्या बीजाणूंमुळे, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीमुळे, फुप्फुसाला होणारा त्रास वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. नुसती सर्दी-धूळ म्हणून सोडू नका. ताप येणाऱ्या ताईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि 'ती अळिंबीच्या खोलीत काम करते' हे वाक्य स्वतःहून सांगा, नाहीतर ते विचारणार नाहीत. तोवर त्यांना खोलीत पाठवू नका. बाकीच्यांनी रुमाल नको, एन-९५ मास्क वापरा. छत्रीची कड खाली वळलेली आहे तोवरच काढणी करा. कड सपाट होऊन वर वळायला लागली की बीजाणूंचा पाऊस सुरू होतो. आत जाण्याआधी थोडा वेळ पंखा लावून हवा बाहेर काढा.

कायमचा उपाय म्हणजे बीजाणू न सोडणारा किंवा अगदी कमी सोडणारा वाण. परदेशात असे वाण तयार झाले आहेत. आपल्या हवेत पिकेल असा वाण शोधणं हे खऱ्या अर्थानं संशोधनाचं काम आहे आणि मागणीत वरच असायला हवं.

फॉर्मलीनबद्दलही तुमचं बरोबर आहे. माणसाला कर्करोग करणारं रसायन म्हणून त्याची नोंद आहे. त्याऐवजी वाफ, ८० अंशांच्या आसपासचं गरम पाणी, किंवा विरवलेल्या चुन्याच्या पाण्यात रात्रभर भिजवणं असे पर्याय आहेत. चुन्याचं पाणी स्वस्त पडतं, पण आपल्या बोअरच्या जड पाण्यात प्रमाण किती घ्यायचं, पिशवीवर चढणाऱ्या हिरव्या बुरशीला ते कितपत आवरतं, हे कुणीतरी पद्धतशीर तपासायला हवं. हातमोज्यांशिवाय मात्र चुन्यातही हात घालू नका.

कडबाकुट्टी

मग ताईंचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच झाला की. फॉर्मलीन-बाविस्टीनमधून काढलेलं काड मी माझ्या म्हशीपुढे टाकणार नाही. वाफेवरचं असेल तर विचार करीन.

माळरान

दादा, हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. धिंगरी काडातलं लिग्निन खाते, म्हणजे गुराला जे पचत नाही तेच बरंचसं मोडते. त्यामुळे उरलेलं काड चारा म्हणून वापरण्यावर बऱ्याच ठिकाणी काम झालंय. पण आपल्या कडब्यावर, आपल्या म्हशींना, किती प्रमाणात घालायचं आणि दुधावर काय फरक पडतो, हे मोजून दाखवायला पशुवैद्यकाचीच माणसं लागतील. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब नाही. हिरवी-काळी बुरशी चढलेली पिशवी गुराला कधीच घालायची नाही, हे मात्र आजच सांगून ठेवतो.

कूलर_आणि_गोणपाट

मी शेतकरी नाही. वातानुकूलनाच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त. भाच्याच्या शेडसाठी हिशोब करून दिला होता, तो इथे मांडतो. उन्हाळ्याच्या मुद्द्याला उपयोगी पडेल.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा आहे, आणि अळिंबीवाल्यासाठी ती जमेची बाजू आहे. समजा एप्रिलमधली दुपार, ४१ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता. अशा हवेचं ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, सुमारे २३ अंश येतं. चांगल्या पॅडचा कूलर त्या फरकातला ७५ ते ८० टक्के गाठतो. म्हणजे आत येणारी हवा २७ अंशांच्या आसपास. एसी न लावता! धिंगरीला हे चालतं. दुधीला तर ३० ते ३५ आवडतं, तिच्यासाठी एवढंही गार करायची गरज नाही.

शिवाय कूलर सतत बाहेरची ताजी हवा आत घेतो. धिंगरीचे दांडे लांब आणि छत्र्या लहान येत असतील तर बहुतेक वेळा आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. तो प्रश्न कूलर परस्पर सोडवतो. एसीत नेमकं उलटं, तीच हवा फिरत राहते.

आता अडचण. पाणी. एक लिटर पाणी उडताना विजेच्या पाऊण युनिटाच्या जरा खाली, साधारण ०.६७ युनिट इतकी उष्णता घेऊन जातं. ऐकायला छान. पण ४१ ची हवा २७ वर आणायची आणि शेडमधून ३० वर बाहेर सोडायची म्हणजे खर्च चौदा अंशांचा, उपयोग तीन अंशांचा. बाकीचं पाणी वाया. ज्या गावात मेमध्ये टँकर येतो तिथे हे परवडणार नाही. म्हणून माझ्या मते संशोधनाचा प्रश्न 'शेड गार कशी करायची' असा विचारूच नये. 'एक किलो अळिंबीमागे कमीत कमी किती लिटर पाणी' असा विचारावा. जाड मातीच्या भिंती, छपरावर पाचट, दुपारी कमीत कमी हवा आणि पहाटे भरपूर हवा, जमिनीत अर्धी उतरवलेली खोली, या सगळ्याची त्या एका मापावर तुलना करायची.

आणखी एक. मेअखेर ते पहिला पाऊस पडेपर्यंत हवा दमट होते पण तापमान उतरत नाही. त्या आठवड्यांत कूलर जवळपास निकामी. तेव्हा शेडमध्ये काय ठेवायचं, का रिकामी ठेवून धुऊन घ्यायची, हेही ठरवायला हवं. जुलैत बाहेरची हवाच तिशीच्या आसपास येते, तेव्हा प्रश्न राहत नाही.

डाळिंब_सांगोला

कूलरवाल्या काकांचा प्रतिसाद जपून ठेवला.

मी डाळिंबवाला. बागेत मर रोगासाठी आम्ही ट्रायकोडर्मा ही रोगाला मारणारी बुरशी सोडतो, शेणखतात मिसळून. सगळेच सोडतात, डाळिंब केंद्राची शिफारसही आहे. आता बांधाच्या पलीकडे भावानं धिंगरी सुरू केली आणि त्याच्या पिशव्यांवर हिरवे डाग. प्रशिक्षणात सांगितलं, ती हिरवी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. माझी बुरशी वाऱ्यानं त्याच्या शेडमध्ये जाते का? खत मी शेडच्या मागेच मिसळतो. घरात यावरून कुरबूर चालू आहे, जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मजीवी

सांगोलाकर, हा प्रश्न तुम्ही विद्यापीठाला जसाच्या तसा लिहून द्या.

ट्रायकोडर्मा ही एक बुरशी नाही, मोठं कुटुंब आहे. बटनच्या शेडमध्ये सर्वांत जास्त नुकसान करणारी जात वेगळी, धिंगरीवर कोरिया आणि इटलीत सापडलेल्या जाती वेगळ्या, आणि तुम्ही बागेत सोडता त्या जाती वेगळ्या. पण काड नीट निर्जंतुक झालं नसेल तर बागेतलीही पिशवीवर वाढू शकते. तुमच्या भावाच्या पिशवीवरची कोणती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, डीएनए बघावा लागतो. जिल्हाभरातल्या शेडमधून हिरव्या डागांचे नमुने घ्यायचे आणि बाजारातल्या ट्रायकोडर्माच्या पुड्यांशी ताडून बघायचे, हे एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पुरेल एवढं काम आहे. डाळिंब आणि अळिंबी शेजारी-शेजारी असण्याचा योग सोलनला नाही, आपल्याकडे आहे.

तोवर खत शेडपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मिसळा. त्या दिवशी त्याच कपड्यांनी शेडमध्ये जाऊ नका. आणि भावाला सांगा, डाग पिशवीच्या गाठीपाशीच जास्त असतील तर वाऱ्याला दोष देऊ नका, भरणाऱ्याचे हात बघा.

साखरपट्टा

साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. वाफेचं वाचलं म्हणून लिहितो.

आपल्या जिल्ह्यात कारखाने किती आहेत बघा. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि धिंगरीचा चांगला हंगामही तोच. कमी दाबाची वाफ कारखान्यात असते. काड किंवा बगॅस (उसाचं चिपाड) एका बंद खोलीत वाफवून, तिथेच स्पॉन भरून, बुरशी पसरलेल्या तयार पिशव्या गावोगाव दिल्या तर? घरी फक्त पाणी मारायचं आणि तोडायचं. बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेनं अशा तयार पिशव्यांवर काम केलेलं आहे. बचत गटाच्या ताईंना फॉर्मलीनला हातच लावावा लागणार नाही.

दोन अडचणी मीच सांगतो. बगॅस फुकट नाही, कारखाना ती जाळून वीज करतो आणि विकतो. आणि बगॅसमध्ये थोडी साखर राहते, ती हिरव्या बुरशीला आवडते. किती धुवायचं, किती वाफवायचं, त्यात कोंडा घालायचा का, हे प्रयोग करून ठरवावं लागेल. पण वाफ देण्याची व्यवस्था झाली तर पाचटाचाही विचार करता येईल, शेतात जाळण्यापेक्षा बरं.

मंडईतला

भाजीचा व्यापार आहे. पिकवायचं कसं हे चाललंय, विकायचं कसं हे कुणीच बोलेना.

सोलापुरात हॉटेलवाले बटन मागतात, ते पुण्याकडून डब्यात येतं. धिंगरी मागणारं गिऱ्हाईक हातावर मोजण्याएवढं. बरीच घरं अशी आहेत जिथे अळिंबी चालतच नाही, माळकरी आहेत, जैन आहेत, श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. उरलेल्यांना चव माहीत नाही. त्यात धिंगरी उन्हाळ्यात दुपारपर्यंत मलूल. दुधी मात्र टिकते, पांढरी जाड असते, बटनच्या जवळ जाते. १९७४ साली बंगालमधून नोंदलेली ही आपल्या देशाची अळिंबी, तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठानं तिचं एपीके-२ वाण देऊन तिकडे बाजार उभा केला. सोलापूरची हवा तिला मानवते. मग आपण धिंगरीच्याच मागे का? तोडल्यापासून पुणे-हैदराबादच्या गाडीत पोचेपर्यंत दुधी कशी ठेवायची, कोणती पिशवी, किती भोकं, यावर काम करा. माल विकला तरच बाकीच्या संशोधनाला किंमत.

आणि 'स्पॉन आमच्याकडून घ्या, वाळलेला सगळा माल आम्हीच उचलू' म्हणणाऱ्यांपासून सांभाळून. स्पॉनचे पैसे आधी घेतात, माल उचलायच्या वेळी फोन लागत नाही.

उंबरठा

दादा, दुधी आम्हीही केली, पण तिला वर मातीचा थर द्यावा लागतो ना, तिथे आमचं गाडं अडतं. बोअरचं पाणी मारून मारून मातीवर पांढरा पापुद्रा धरतो आणि टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर येऊन तिथेच पिवळे पडून वाळतात. पावसाचं साठवलेलं पाणी मारलं तर नीट येतात. सोलापुरात कुणाचं बोअर गोड आहे? हेही लिहा मागणीत.

विक्रीचं म्हणाल तर धिंगरी वाळवून भुकटी करून शेंगाचटणीत घालतो. दहा किलोची एक किलो होते, पण नासत नाही. जत्रेत विकली जाते. भाकरीबरोबर खाणाऱ्याला अळिंबी आहे हे सांगूनच देतो, लपवून नाही, पुडीवरही ठळक लिहितो.

माळरान

सगळं वाचून मागणीचा मसुदा नव्यानं लिहिला. पहिलं कलम आता निर्जंतुकीकरणाचं, रसायनाशिवाय. कारण त्या एका गोष्टीवर तीन गोष्टी अडल्या आहेत: हात घालणाऱ्या बायकांची तब्येत, काड परत गुरांना घालायची शक्यता, आणि 'सेंद्रिय आहे का' या प्रश्नाचं खरं उत्तर. वाफ, गरम पाणी, चुना, तिन्ही इथल्या पाण्यावर, इथल्या काडांवर. दुसरं स्पॉन: वाणाची ओळख, तारीख, प्रवासात टिकणं, आणि त्यातच बीजाणू न सोडणाऱ्या वाणाचा शोध. तिसरं दुधी, तिचा मातीचा थर आणि क्षाराचं पाणी. उन्हाळी शेड मी चौथ्यावर नेली, आणि प्रश्न काकांनी मांडला तसाच, किलोमागे लिटर. ट्रायकोडर्माचा प्रश्न डाळिंब केंद्राला वेगळ्या पत्रानं. टिकवण आणि विक्री शेवटी ठेवली, मंडईतले दादा, नाराज होऊ नका. त्यासाठी पणन आणि अन्नतंत्रवाले वेगळे गाठू.

मंडईतला

नाराज नाही, पण शेवटी नको. तिसऱ्या कलमातच घाला. दुधीचं काम करणार आहेतच, तर तोडल्यानंतरचे चार दिवसही त्यांनीच मोजावेत. वेगळा माणूस कधी येणार?

माळरान

हे पटलं. तिसऱ्यात घातलं.

कडबाकुट्टी

पत्र जाईल तेव्हा जाईल. तोवर आपल्यातच एक प्रयोग लावता येतो का? माझ्याकडे कडबा आहे, बार्शीकरांकडे तुराट्या.

सूक्ष्मजीवी

येतो. एकाच मदर कल्चरचा, एकाच दिवशी भरलेला स्पॉन मी सगळ्यांना देते, पिशवीवर तारीख घालून. कडबा कुट्टी, गव्हाचं काड, तुराटी, आणि सोयाबीन-गहू निम्मंनिम्मं. प्रत्येकाच्या दहा पिशव्या, सगळं काड कोरडं असताना वजन करून वहीत लिहायचं. वाफेवरच, रसायन नाही. भिजवून निथळल्यावर मूठभर दाबून बघा, तळवा ओला झाला पाहिजे पण थेंब पडता कामा नये. पिशव्या खोलीत गटागटानं मांडू नका, सरमिसळ ठेवा, नाहीतर खिडकीजवळच्या काडाला उगाच श्रेय मिळेल. रोज सकाळी सात आणि दुपारी तीनला तापमान व आर्द्रता लिहा. दोन ठिकाणी तरी व्हायला हवं, मोहोळला आणि बार्शीला. दिवाळीनंतर स्पॉन तयार ठेवते.

भुसकट_बार्शी

बार्शीचं माझ्याकडे लागलं. तुराटी श्रेडरमधून किती बारीक काढायची, दोन बोटं का त्याहून लहान?

सूक्ष्मजीवी

दोन बोटं. सगळीकडे तेवढीच.